छऱ्यांची पारख: एअर पिस्तुलाच्या नेमबाजासाठी

१० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करणारे बहुतेक नेमबाज छऱ्यांची डबी घेताना तिच्यावरचे नाव आणि किंमत पाहतात. मागच्या बाजूला चिकटवलेल्या इवल्याशा चिठ्ठीवरचा लॉट क्रमांक, म्हणजे एका खेपेत बनलेल्या छऱ्यांचा क्रमांक, मात्र क्वचितच कोणी वाचतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या आणि एकाच वजनाच्या दोन डब्या एकाच पिस्तुलातून वेगवेगळे ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या छिद्रांचे पुंजके, देऊ शकतात. साचा झिजतो, नवा बसवला जातो, शिशाचा घाणा बदलतो, आणि छर्रा डोळ्यांना तसाच दिसत असला तरी नळीला तो वेगळा लागतो. या लेखात छर्रा निवडण्यापासून तो स्पर्धेच्या दिवशी पेटीत भरण्यापर्यंतची सगळी कामे क्रमाने सांगितली आहेत. फैरी झाडून घ्यायची चाचणी सोडली तर बाकीची कामे घरी, एका टेबलावर होण्यासारखी आहेत.

अमेरिकेत रिकाम्या पितळी काडतुसांत घरच्या घरी दारू भरून, नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरण्याचा छंद चांगला रुजलेला आहे. भारतात दारूगोळा तयार करण्यासाठी शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार परवाना लागतो, त्यामुळे तो छंद इथे घरच्या टेबलावर येत नाही आणि कोणी तो आणूही नये. आपल्या हाती उरते ते तयार छर्रे निवडणे, पारखणे आणि जपणे. एअर पिस्तुलाची गोष्ट वेगळी आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा नसेल आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या पुढे जात नसेल, तर हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेचे पिस्तूल साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सोडते. हिशोब केला तर ही ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास येते. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही, कारण एवढ्या ऊर्जेचा छर्रा डोळा निकामी करायला पुरेसा आहे.

आधी आकडे समजून घ्यावेत

छऱ्यांवर किती कष्ट घ्यायचे हे ठरवण्यापूर्वी लक्ष्याची मापे नीट समजून घ्यावीत, नाहीतर माणूस रायफलवाल्यांच्या सवयी उचलतो आणि नको तिथे वेळ घालवतो. एअर पिस्तुलाच्या कार्डावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याच्या छिद्राची कड त्या वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छिद्राचा मध्य कार्डाच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकलेला चालतो. एअर रायफलचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तिथे हीच मुभा अडीच मिलिमीटरची होते. रायफलवाल्यांनी छऱ्यांसाठी रात्रीचा दिवस केला तर ते समजण्यासारखे आहे. पिस्तूलवाल्यांनी त्यांच्याइतके जिवाला लावून घेण्याचे कारण नाही.

दुसरा हिशोब याहून बोलका आहे. नेम धरण्याच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधले, म्हणजे साइटमधले अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरले, तर साइटच्या जुळणीत एक मिलिमीटरची चूक लक्ष्यावर ३१ मिलिमीटरची होते. म्हणजेच पुढची साइट मागच्या खाचेत पाव मिलिमीटरहून जरा जास्त एका बाजूला झुकली की दहा हातचा गेला. नवशिक्याच्या मनगटाची थरथर यापेक्षा किती तरी मोठी असते. ज्याची ६० फैरींची मालिका अजून ५४० गुणांच्या आतबाहेर रेंगाळते आहे, त्याने महागडे छर्रे घेण्यापेक्षा तोच पैसा सरावावर आणि तोच वेळ पांढऱ्या भिंतीसमोर कोरा ट्रिगर, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर, दाबण्यात घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानेही लॉट सांभाळावा, खराब छर्रे बाजूला काढावेत. मात्र सोनाराचा काटा विकत घेऊ नये.

वरच्या पातळीवर चित्र बदलते. पात्रता फेरीत पिस्तुलाचे गुण पूर्णांकात मोजले जातात, पण अंतिम फेरीत दशांशात, आणि १०.९ हा एका फैरीचा कमाल गुण असतो. पिस्तुलाच्या कार्डावर एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरला २२१.७ गुणांवर कांस्यपदक मिळाले, आणि त्या टप्प्यावर कोरियाची किम ये-जी तिच्यापेक्षा फक्त ०.१ गुणाने पुढे होती. तोवरच्या बावीस फैरींच्या बेरजेत ०.८ मिलिमीटर! अशा ठिकाणी छऱ्याने फुकट घालवलेला एकही मिलिमीटर परवडत नाही.

निवड

स्पर्धेसाठी चपट्या डोक्याचाच छर्रा घ्यावा. टोकदार किंवा गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो आणि छिद्राची कड नीट दिसत नाही. चपट्या डोक्याचा छर्रा कागदाला पंचाने पाडल्यासारखे स्वच्छ, गोल भोक पाडतो. छऱ्याचे तीन भाग ध्यानात ठेवावेत: डोके, बारीक कंबर आणि मागचा पोकळ घेर, ज्याला सगळे ‘स्कर्ट’ म्हणतात. डोके नळीतल्या आट्यांवर टेकून छऱ्याला सरळ ठेवते, तर मागून येणाऱ्या हवेने स्कर्ट किंचित फुलतो आणि नळी बंद करतो.

वजनाच्या बाबतीत पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे आणि रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचे छर्रे बनवण्याची रीत आहे. आरडब्ल्यूएस कंपनीचा आर-१० हा छर्रा पिस्तुलासाठी ०.४५ ग्रॅमचा आणि रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचा येतो. एच अँड एन कंपनीचा पिस्तुलासाठीचा फिनाले मॅच ०.४९ ग्रॅमचा असतो. ही विभागणी म्हणजे काही शास्त्रवचन नव्हे. एखाद्या पिस्तुलाला रायफलचा जड छर्रा अधिक मानवतो आणि तो वापरायला नियमांची आडकाठी नाही.

डोक्याचे माप ४.४९, ४.५०, ४.५१ असे डबीवर छापलेले असते. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाने काय फरक पडणार, असे वाटते खरे. पण नळी मुळातच इतकी काटेकोर घडवलेली असते की हा फरक तिला जाणवतो. कोणते माप आपल्या नळीला बसेल हे पिस्तुलाच्या नावावरून सांगता येत नाही. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन नळ्यांची आवड वेगळी निघू शकते, त्यामुळे क्लबमधल्या मित्राला जे लाभले ते आपल्याला लाभेलच असे नाही.

चाचणी

सुरुवातीला तीन किंवा चार प्रकारच्या छऱ्यांची प्रत्येकी एकच डबी आणावी. क्लबमध्ये चार जणांनी मिळून डब्या आणल्या आणि वाटून घेतल्या तर खर्च कमी होतो. मात्र वाटून घेतलेल्या छऱ्यांच्या पुडीवर नाव, माप आणि लॉट क्रमांक लिहायला विसरू नये. मी एकदा दोन लॉटचे उरलेले छर्रे एकाच डबीत ओतून ठेवले होते. पुढचा महिनाभर कधी ग्रुप घट्ट यायचा, कधी विसकटायचा, आणि मी रोज आपली पकड बदलत बसलो होतो.

पिस्तूल स्थिर धरण्यासाठी क्लबमध्ये शिकंजा असेल तर उत्तम. शिकंजाच्या जबड्यांना लोकरी नमदा किंवा मऊ लाकूड लावावे आणि पिस्तुलाचा सांगाडा पकडावा. नळी किंवा हवेची नळकांडी कधीही आवळू नये. शिकंजा नसेल तर खुर्चीवर बसून, टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या ठेवून, मुठीचा तळ आणि पुढचा सांगाडा त्यांवर टेकवून दोन्ही हातांनी फैरी झाडाव्यात. हातात थोडीफार चूक राहतेच, पण ती सगळ्या छऱ्यांच्या वाट्याला सारखीच येते.

घरी १० मीटरची मोकळी लांबी मिळाली तर चाचणी घरीही होते. लक्ष्यामागे दार, खिडकी किंवा येण्याजाण्याची वाट नसावी. छर्रे झेलणारी पेटी पोलादी पत्र्याची आणि आतला पत्रा खालच्या दिशेने ४५ अंशांत कललेला असावा, म्हणजे छर्रा आपटून तळात पडतो. सरळ उभ्या पत्र्यावर आपटलेले शिसे नेमबाजाकडे परत उडते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा चाचणीच्या वेळीही हवाच. फैरी थांबवून कार्ड बदलायला जाताना पिस्तुलाच्या नळीत सुरक्षेची रंगीत दोरी घालून ठेवावी, मग घरात दुसरे कोणी असो वा नसो.

आता प्रत्यक्ष क्रम. नळकांडीतला दाब चाचणीभर शिफारस केलेल्या मर्यादेत राहील एवढी हवा आधीच भरून घ्यावी. पहिल्या प्रकारच्या १० फैरी झाडाव्यात आणि त्या मोजूच नयेत, कारण आधीच्या छऱ्याच्या शिशाचा आणि वंगणाचा थर नळीत असतो आणि नव्या छऱ्याने आपला थर बसवल्याशिवाय तो खरे रूप दाखवत नाही. त्यानंतर ताज्या कार्डावर १० फैरींचा एक ग्रुप घ्यावा. तीन किंवा पाच फैरींच्या ग्रुपवर विसंबू नये. तीन छर्रे एका भोकातून जाणे हा पुष्कळदा योगायोग असतो. प्रत्येक प्रकाराचे असे निदान तीन ग्रुप घ्यावेत आणि क्रम उलटसुलट ठेवावा: आधी पहिला, दुसरा, तिसरा प्रकार, मग तिसरा, दुसरा, पहिला, आणि शेवटची फेरी दुसऱ्यापासून सुरू करून. नेहमी एकाच क्रमाने चाचणी घेतली तर डोळ्यांचा आणि हाताचा शीण प्रत्येक वेळी शेवटच्या छऱ्याच्या माथी पडतो, आणि नसलेला दोष त्याला चिकटतो.

मोजणी व्हर्नियरने करावी. सगळ्यात दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्यावे आणि त्यातून ४.५ वजा करावे; उरते ते मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर. चांगल्या पिस्तुलाला मानवणारा छर्रा शिकंजातून बाहेरच्या कडांच्या मापाने ६ ते ७ मिलिमीटरचा ग्रुप देतो, म्हणजे मध्याचे अंतर दीड ते अडीच मिलिमीटर. एखादा छर्रा १० मिलिमीटरचा ग्रुप देत असेल तर तो मध्यापासून जवळजवळ ३ मिलिमीटर इकडे-तिकडे भटकतो आणि आपल्या वाट्याच्या ८ मिलिमीटरांतले ३ आधीच खाऊन टाकतो. तुलना करताना सर्वोत्तम ग्रुप कपाटावर चिकटवून ठेवण्याचा मोह आवरावा आणि तिन्ही ग्रुपांची सरासरी पाहावी. एखादे छिद्र एकटेच लांब पडले असेल तर फैर सुटली त्या क्षणी साइट कुठे होती हे प्रामाणिकपणे आठवावे. साइट जागेवर होती अशी खात्री असेल तरच दोष छऱ्याचा मानावा. हातातल्या पिस्तुलावर, मग छऱ्यावर आणि शेवटी स्वतःवर संशय घेणे हा आपला स्वाभाविक क्रम आहे. वहीत नोंद करताना तो उलटा करावा.

विजेता ठरला की त्याच दिवशी दुकानदाराला फोन करून त्याच लॉटच्या आणखी डब्या मागवाव्यात. डबीत ५०० छर्रे असतात आणि सरावाच्या एका सत्रात सरावफैरी धरून ७५ ते ८० छर्रे लागतात, म्हणजे एक डबी जेमतेम सहा सत्रे पुरते. आठवड्यातून चार दिवस सराव करणाऱ्याला वर्षाला तीस-पस्तीस डब्या लागतात. तेवढ्या एका लॉटच्या मिळाल्या नाहीत तर चाचणीत पहिल्या आलेल्या डब्या स्पर्धांसाठी राखून ठेवाव्यात आणि सरावासाठी दुसऱ्या लॉटचे त्याच वजनाचे छर्रे वापरावेत.

पारख

डबी उघडल्यावर मूठभर छर्रे गडद रंगाच्या मऊ कापडावर पसरावेत आणि दिवा एका बाजूने लावावा. चेपलेला स्कर्ट लगेच ओळखू येतो: गोलाईत एका जागी सपाट कड दिसते आणि तिथली सावली तुटते. डोक्याच्या कडेला शिशाचा बारीक पापुद्रा लोंबत असेल, किंवा पोकळीच्या आत शिशाचा कण अडकला असेल, तर तो छर्राही बाजूला काढावा.

नजर थकली की काचेची युक्ती वापरावी. फोटोफ्रेमची काच एका बाजूने पेन्सिलीवर टेकवून किंचित तिरकी करावी आणि छर्रा आडवा ठेवून सोडावा. स्कर्ट डोक्यापेक्षा थोडा रुंद असल्याने चांगला छर्रा सरळ न जाता एक सुरेख कमान काढत घरंगळतो, आणि सगळे चांगले छर्रे जवळपास एकाच कमानीवरून जातात. चेपलेला छर्रा अर्ध्या वाटेवर लंगडतो, टकटक आवाज करतो किंवा थांबतो. दर्जेदार डबीत असे लंगडे छर्रे फार निघत नाहीत; मूठभरात पाच-सात निघू लागले तर ती डबी वाटेत कुठे तरी पडली आहे असे समजावे आणि ती सरावासाठी ठेवावी.

वजनाबद्दल मतभेद आहेत. एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आता सहज मिळतो आणि अनेक जण हौसेने ५०० छर्रे एकेक करून तोलतात. तोलायचेच असेल तर आधी ५० छर्रे तोलून त्यांची नोंद करावी, बहुतेक छर्रे कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान येतात ते पाहावे आणि त्या पट्ट्याच्या बाहेरचे तेवढे काढून टाकावेत. पंखा बंद हवा, नाहीतर काट्याचा शेवटचा आकडा स्थिर राहत नाही. मी वर्षभर हे केले आणि मग सोडून दिले. चांगल्या लॉटमध्ये काढून टाकण्याजोगे छर्रे इतके कमी निघाले, की त्या संध्याकाळी कोऱ्या ट्रिगरला दिल्या असत्या तर अधिक कामी आल्या असत्या.

पावसाळा आणि शिसे

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ही छऱ्यांच्या परीक्षेची वेळ असते. दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि असा छर्रा नळीत घालणे म्हणजे नळीला घासणपूड लावण्यासारखे आहे. डब्या घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. स्वयंपाकघरात, व्हिनेगरच्या किंवा लोणच्याच्या बरण्यांजवळ मुळीच ठेवू नयेत, कारण आम्लाच्या वाफेने शिसे लवकर खराब होते आणि शिसे खाण्याच्या वस्तूंपासून दूरच असायला हवे. भुकटी धरलेले छर्रे पुसून वापरण्याच्या भानगडीत पडू नये. तेल चोपडून ठेवण्याचा सल्लाही कोणी कोणी देतात, पण तेलाने फैरीचा वेग बदलतो. कोरडी जागा पुरते.

शिसे विषारी आहे, ही गोष्ट सवयीने विसरायला होते. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये, चहाचा कप त्या टेबलावर आणू नये, आणि फैरी झाडताना छर्रे ओठांत धरण्याची काही जुन्या नेमबाजांची खोड तर कटाक्षाने टाळावी. छर्रे झेलणाऱ्या पेटीभोवतीची जमीन केरसुणीने झाडू नये, कारण धूळ उडून श्वासात जाते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ते फडके इतर कपड्यांत धुऊ नये. पेटीत साठलेले चपटे शिसे झाकणाच्या डब्यात भरून भंगारवाल्याकडे द्यावे. ते घरी वितळवून छर्रे ओतण्याचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्यावा. त्या वाफा घातक असतात, आणि हाताने ओतलेला छर्रा स्पर्धेच्या नळीच्या लायकीचा होतही नाही.

नळीची सफाई साधारण दर एक-दोन डब्यांनंतर पुरते. नमद्याच्या छोट्या गोळ्या मिळतात. दोन किंवा तीन एकदम भरून झाडाव्यात आणि बाहेर येणारी गोळी काळी येणे थांबेपर्यंत हे करावे. पितळी ब्रश वापरू नये. सफाईनंतरच्या पहिल्या १०-१५ फैरी इकडे-तिकडे जातात, त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी साफ करण्याचा उत्साह टाळून ते काम तीन-चार दिवस आधी उरकावे. त्याच वेळी नळकांडीवर कोरलेली तारीखही वाचून घ्यावी: तिची मुदत १० वर्षांची असते आणि ती संपली असेल तर स्पर्धेच्या तपासणीत नळकांडी बाजूला काढली जाते. ती पाहणे ही नेमबाजाचीच जबाबदारी मानली जाते.

स्पर्धेसाठी छर्रे आदल्या दिवशी खणांच्या पेटीत भरावेत, प्रत्येक खणात एक, डोके खाली. गुण धरल्या जाणाऱ्या ६० फैरींचे खण वेगळे आणि सुरुवातीच्या १५ मिनिटांतल्या सरावफैरींसाठी २० ते २५ वेगळे. असे भरले की इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावरच्या ७५ मिनिटांत किती फैरी उरल्या हे पडद्याकडे न पाहताही कळते, आणि घामट बोटांनी डबीत चाचपडताना स्कर्ट चेपत नाही. एक भरलेली जादा डबी, त्याच लॉटची, पिशवीच्या तळाशी असू द्यावी. बालेवाडीच्या रेंजवर ऐन वेळी पेटी हातातून निसटून सगळे छर्रे काँक्रीटवर सांडलेले मी पाहिले आहेत, आणि जमिनीवर पडलेला छर्रा कितीही चांगला दिसला तरी पुन्हा नळीत घालायचा नसतो.